अल्ब्युमिनचं सोवळं

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये राबून माझ्या आईने, कलाबाईने, मला एम.एस्सी. केलं. मी तिथल्याच एका कॉलेजात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर झाले तेव्हा तिने गल्लीभर पेढे वाटले. सत्त्याण्णव साली ती नोकरी पक्की व्हायची होती. त्यासाठी ट्रस्टी शेठजींसमोर एक प्रयोग करून दाखवायचा होता: जंतूंपासून काढलेल्या एन्झाइमने डीएनए कापायचा.

आमचे विभागप्रमुख रामदास सर मूळचे खानदेशातले, पण शेठजींपुढे असं गुजराती झाडत की शेठजींनाच संकोच व्हावा. प्रयोगाच्या सकाळी त्यांनी विचारलं, "गायत्री, ही वेगळी नळी कसली?"

"अल्ब्युमिन, सर. गाईच्या रक्तातलं प्रथिन."

झालं. सरांनी नळी सिंकमध्ये ओतली, टेबलावर गंगाजल शिंपडलं आणि वर मलाच विचारलं, घरी देवबीव आहेत की नाही.

मी समजावलं, की एन्झाइम असतो चिमूटभर. एकटा सोडला तर नळीच्या भिंतीला चिकटतो आणि निकामी होतो. अल्ब्युमिन स्वतः भिंतीला चिकटतं, एन्झाइमला मोकळं ठेवतं. "खऱ्या विज्ञानाला कुबड्या लागत नाहीत," सर म्हणाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुपारी शेठजी आले. अतिनील दिव्याखाली पाहिलं तर डीएनए जसाच्या तसा, एक तुकडा पडलेला नाही.

"मुलगी नवी आहे," सरांनी लगेच सांगून टाकलं. माझं डोकंच फिरलं. मी नळीची सगळी हकीकत शेठजींना ऐकवली.

शेठजींनी कानाला हात लावले. "आपल्या संस्थेत गाईचं रक्त? सरांनी बरोबर केलं. बेन, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मग जेवणाआधीचं इंजेक्शन घ्यायचं म्हणून त्यांनी ड्रायव्हरकडून इन्सुलिनची बाटली मागवली. तिच्यावर 'बोवाइन' छापलं होतं, म्हणजे गाईबैलांचं.

"शेठजी, हेही गाईचंच आहे," मी म्हटलं.

"हे औषध आहे," ते शांतपणे म्हणाले आणि सदरा वर केला. रामदास सर कापूस घेऊन अदबीने उभे राहिले.

घरी आईने विचारलं, "नोकरी पक्की व्हयनी का?" मी सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने मिलमध्ये रात्रपाळी मागून घेतली.