मुरमातला चाफा

तलवाड्याच्या वनमालेला झाडांचं भलतंच वेड. आता वेड असावं, पण जिचं घर दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कुलपात, तिनं असलं वेड लावून घ्यावं का? दिवाळी उरकली की ती आणि तिचा नवरा बजरंग ऊस तोडायला निघायचे, खाली नदीकाठच्या मुलखात. कारखाना बंद झाला की माघारी.

तिकडं ज्यांचा ऊस तोडायचे त्या आप्पारावांच्या बंगल्यापुढं अनंत फुलायचा, जास्वंद फुलायची. वनमाला कोयता बाजूला ठेवून बघत बसायची आणि निघताना दरसाल एक फांदी मागून ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. ट्रॉलीत माणसं उन्हानं करपायची, पण फांदीवर हिच्या पदराची सावली! पावसाळाभर ते झाड दारात तरारायचं. मग ही मंडळी निघून गेली की दारातली काळी माती तडकायची, हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, आणि मुळं तटातटा तुटायची. परत यावं तर दारात वाळक्या काड्या. अहो, बारमाही पाण्यावर वाढलेलं झाड कुलपापाशी आणून उभं केलं, ते मरणार नाही तर काय करणार? पण हे तिला सांगणार कोण!

एका हंगामाच्या शेवटी आप्पाराव बजरंगला म्हणाले, "कायमचाच ये की इकडं. खोली देतो." ते बजरंगच्या डोक्यात बसलं. घरी येऊन कुलूप काढता काढता त्यानं विषय काढलाच.

"हितं काय हाय आपलं? दरसाल येतो तर दार मसणावाणी. तिकडंच राहू."

घर पत्र्याचं का असेना, पण तेवढं एक दार वनमालेचं होतं. तिकडं खोली मालकाची, अंगण मालकाचं, अनंतसुद्धा मालकाचा. ती घाईघाईत बोलून गेली, "पुढच्या खेपेला आलो आन् दारात एक जरी झाड जितं असलं, तर ऱ्हायचं हितंच. बोला!"

"आन् नसलं तर?"

"तर तुमी म्हणाल तिथं."

बजरंग हसला. निकाल त्याला आधीच ठाऊक होता.

वैशाखात वनमाला माहेरी धर्मापुरीला गेली. तिथं जुन्या देवळामागं मुरमाच्या ढिगात चाफा उभा होता. अंगावर पान एक नाही, आणि फांद्यांच्या टोकाला पांढरी फुलं. लहानपणी त्याच फुलांची तिनं भातुकली मांडली होती, पण त्याच्याकडं झाड म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

"ह्याला पाणी कोण घालतं गं?" तिनं आईला, छबुबाईला विचारलं.

"कोण घालतंय बाई? त्याचा त्यो ऱ्हातो. शेरडंबी तोंड लावत न्हाईत."

इतकी वर्षं परक्या मुलखात झाडं धुंडाळली, आणि हे बघा!

फांदी आणली. मोडल्या जागेचा चीक वाळेपर्यंत सावलीत ठेवली. दारात खड्डा घेतला, त्यातली काळी माती उपसून बाहेर टाकली आणि माळावरून घमेल्यानं मुरूम वाहिला. बजरंग खाटेवर पडून गंमत बघत होता.

"लोक मुरूम काढून काळी टाकत्यात. तुला मुरूम कावून लागतो?"

"काळी पाणी धरून मूळ कुजवती, आन् उन्हाळ्यात चिरती," ती म्हणाली. "तुमी च्या प्या."

चाफा लागला. पावसाळ्यात पानांनी डवरला. पण निघायच्या दिवशी सकाळीच पानं पिवळी पडून गळायला लागली.

"बघ, आपल्या आधी त्योच निघाला," बजरंग म्हणाला. ट्रॉली हलली, तरी वनमाला मागंच बघत राहिली.

फडात दुपारी भाकरी खाऊन उसाच्या वाळक्या पाचटावर अंग टाकलं की तिचा डोळा लागायचा आणि ती तलवाड्याला पोचायची. गल्लीत चिटपाखरू नाही, कुलूप तसंच, आणि चाफा गुडघे पोटाशी घेऊन दारात बसलेला. "पाणी देऊ?" ती विचारायची. तो मान हलवायचा, नको. कधी तो धर्मापुरीच्या वाटेला लागलेला दिसायचा. ही हाका मारायची, आवाज फुटायचा नाही. कधी घरच नसायचं. नुसतं दार, दारापुढं पांढऱ्या फुलांचा सडा, आणि त्या सड्यावरून उसाची गाडी चाकं न वाजवता लांब लांब जायची. ती कुठं जाते ते बघायला वनमाला पाऊल उचलायची, तेवढ्यात पाचट कानाला टोचायचं आणि बजरंग म्हणायचा, "ऊठ, गाडी भरायची हाय."

हंगाम संपला. आप्पारावांनी विचारलं, "मग, काय ठरलं?"

"घरी जाऊन फोन लावतो," बजरंग म्हणाला.

तलवाड्यात उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दारात एक काडी उभी होती. करडी, सुरकुतलेली. पान नाही, फूल नाही. वनमाला बोचकं डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. तिला रडूसुद्धा येईना.

"वाळलं," बजरंग म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याची खुशी नव्हती, खरं सांगतो. उलट त्याला त्या काडीचाच राग आला. "माझ्या बायकोनं एवढा मुरूम वाहिला, आन् तुला जगाय काय झालतं बे?" असं म्हणत त्यानं ती मुठीत धरली आणि उपटायला ओढली. निघेना. दोन्ही हातांनी हिसका दिला. बुडखा जागचा हलला नाही. शेंडा तेवढा कटकन मोडून हातात आला.

आणि मोडल्या जागेतून पांढराशुभ्र चीक उतू जाऊन त्याच्या मनगटावर ओघळला.

"अगं वनमाले... ह्यो तर जिता हाय!"

"मग सोडा की त्याला!" बोचकं टाकून ती धावली. आता मात्र तिला रडू फुटलं. "निजलाय त्यो. जित्या झाडाला कुणी असं वढतं का?"

"लई लागलं का गं त्याला?" बजरंगनं विचारलं.

मग त्यानं चिकट बोटांनीच फोन लावला.

"मालक, आमचं न्हाई जमायचं तिकडं." पलीकडून कारण विचारलं असावं. "दारात झाड हाय आमच्या," तो म्हणाला.

वनमालेनं मोडका शेंडा भिंतीच्या सावलीला ठेवला, चीक वाळायला. तिनं डोळे पुसून वर बघितलं तेव्हा बजरंग घमेलं घेऊन माळाकडं निघाला होता.