साडूपेक्षा घट्ट

प्रयोगशाळेत सरांना सगळे त्यांच्या माघारी 'आणखीसर' म्हणत. जिलेटिनच्या जेलमध्ये नॅनोकण मिसळायचे आणि भाजलेल्या माणसाला लावता येईल अशी कातडी तयार करायची, हे त्यांचं संशोधन. नुसतं जिलेटिन लेचंपेचं. कण घातले की त्याच्या अंगात बळ येतं. किती घालायचे? सरांचं उत्तर ठरलेलं, "आणखी."

यामागे शास्त्र नव्हतं असं कोण म्हणेल? होतं, फक्त ते नात्याचं होतं. सरांचे साडू समोरच्याच इमारतीत हाच उद्योग करत. साडूंचं जेल आता किती वजन पेलतं, हे रविवारी दोघी बहिणींच्या फोनवर निघे आणि सोमवारी सकाळी सरांकडे कणांची बाटली उघडे. होता होता सरांचं जेल असं तयार झालं, की टेबलावरून पडलं तर टप्पा घेई. पाहुणे आले की सर ते मुद्दाम पाडत.

अडचण एवढीच, की त्या जेलमध्ये माणसाच्या पेशी वाढायला हव्या होत्या आणि त्या मरत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली रंग घालून पाहिलं, तर जिवंत पेशी हिरव्या दिसतात आणि मेलेल्या लाल. सरांची विद्यार्थिनी प्रबंध घेऊन आली, तेव्हा त्यात सरांच्या जेलचा फोटो लालभडक होता. शेजारचा, तिच्या स्वतःच्या जेलचा, हिरवागार; त्यात कण चिमूटभरच होते. तिचा सगळा प्रबंध त्या हिरव्यावर उभा होता. सरांची सही झाली तर पदवी, पदवी मिळाली तर रुग्णालयातली नोकरी, आणि रुग्णालय महिनाअखेरीपलीकडे थांबणार नव्हतं.

सरांनी तिचं मऊ जेल बोटानं दाबून पाहिलं. "हे काय गं? हे तर रडतंय."

"सर, कातडी अशीच असते."

"तुझी असेल. आणि हे लाल?"

"मेल्यात सर. सगळ्या."

"मेल्यात काय! स्थिरावल्यात म्हणावं. रंग मात्र झकास उठलाय. फोटो राहू दे, ते मेल्याबिल्याचं काढ. साडूंच्या हाती लागलं तर सासुरवाडीत मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. काढ, की लगेच सही."

मुलगी खोलीवर आली. तिच्याच खोलीत राहणारी मैत्रीण साडूंची विद्यार्थिनी होती. ती आधीच तोंडावर पांघरूण ओढून पडली होती.

"तुझ्या पेशींना काय म्हणाले?" मुलीनं विचारलं.

"विसावल्यात. तुझ्या?"

"स्थिरावल्यात."

मग मुलगी म्हणाली, "तुमच्या जेलचा एक ताजा तुकडा देतेस?"

मैत्रीण पांघरुणातून बाहेर आली. "देते. पण तुमचाही मला लागेल."

पुढच्या आठवड्यात मुलगी पुन्हा सरांसमोर उभी राहिली. प्रबंध तोच, एक शब्द इकडचा तिकडे नाही; फक्त लाल फोटो आता दोन होते.

"हा आपला, सर. आणि हा समोरच्या सरांच्या जेलचा. त्यांनाही कळवलंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्यांच्याही मेल्या?"

"हो, सर."

"अरेरे," सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या गालाला खळी पडली. "अगं, मग सत्य दडवून कसं चालेल? जास्त कण घातक, हे मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून ओरडून सांगतोय." आणि त्यांनी कागद फाटेल इतक्या जोरात सही ठोकली. समोरच्या इमारतीतही त्याच सकाळी, तितक्याच आनंदात, एक सही झाली.

मुलगी दारापर्यंत पोचली.

"थांब गं. त्यांच्या आपल्यापेक्षा जास्त मेल्या ना?"

"सर, दोन्हीकडे सगळ्याच मेल्या."

सरांचा चेहरा उतरला. "मग आधी कोणाच्या मेल्या, एवढं तरी बघ."

"बघते, सर," प्रबंध छातीशी धरून ती म्हणाली, "पदवी हातात पडली की."