नीलाचा डावा हात

घर : नऊ किलोमीटर.

"उठू नका, काकाजी. पयले बोटं हलवून पाहा."

बोटं हलली. पाचही. मग मनगट, मग कोपर. त्याच्या वर मात्र हात कुठेतरी संपत होता आणि पुन्हा सुरू होत होता. मधल्या जागेत काहीतरी करकरलं.

विश्वनाथ मुरमावर उताणा पडला होता. तोंडात माती, डोक्यावर हेल्मेट. सायकल दहा-बारा फूट खाली रायमुनियाच्या झुडपात. डिसेंबरचं ऊन अजून सागाच्या शेंड्यांवरच होतं, म्हणजे सात वाजायला आले असावेत. घरी बायकोजवळ बसणारी कांताबाई आठला निघते.

शेजारी उकिडवा बसलेला माणूस फेटरीचा दूधवाला, रामाजी. त्याची मोटरसायकल खाली पांदणीवर उभी होती, दोन्ही बाजूंना कॅन. रोज सकाळी दुरून हात वर करण्याइतकीच ओळख. आज तो खालूनच बघत उभा होता म्हणे.

"रोज इथं उतरून पायी जाता न तुम्ही? मी म्हणो, हुशार बुढा आहे. आज काहून नाही उतरले?"

विश्वनाथने माती थुंकली.

"वय काय झालं?"

"चौसष्ट."

"बाप्पा. घरी कोणी बोलत नाही काय?"

"नाही बोलत," विश्वनाथ म्हणाला. हे खरं होतं.

आज का नाही उतरलो :

दुखत नव्हतं म्हणून.

हे कुणाला सांगून पटणार नाही. डाव्या गुडघ्यातून दोनदा पाणी काढलेलं. कंबर थंडीत धरते. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उतारावर बधिर होतात, ब्रेक दाबला की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. मे महिन्यात दोन बरगड्या. या सगळ्यासकट टेकडी चढायची आणि उतरायची तर एक पद्धत लागते, ती त्याने बसवली होती. पहाटे वीस मिनिटं सतरंजीवर अंग मोकळं करायचं. गुडघ्याला पट्टा. हँडल दोन बोटं वर घेतलेलं, चाकात हवा कमी. आणि या उतारावर तीन जागी गुमान खाली उतरून चालायचं. कुठे उतरायचं ते गुडघा सांगायचा. त्याच्या आधी कंबर सांगायची. दुखणं म्हणजे त्याचा रोजचा वाटाड्या झाला होता.

काल रात्री झोप येईना इतका खांदा ठणकत होता. उशाशी बायकोच्या, नीलाच्या गोळ्यांची डबी होती, नसांच्या दुखण्याची तिची गोळी त्यात होती. एक घेतली. पहिल्यांदाच. सकाळी उठला तेव्हा शरीरात कुणीच नव्हतं. ना गुडघा ना कंबर. पन्नाशीत होता तसा तो टेकडी चढला, आणि वरून खाली बघताना एकही सांधा काही बोलला नाही.

मग तिसरी जागा आली, आणि तो उतरला नाही.

घर : नऊ किलोमीटर. अजूनही.

भूमापन कार्यालयात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. अंतर आधी मोजायचं, मग बाकीचं. रामाजी म्हणत होता की काटोल नाक्याजवळ हाडाचा दवाखाना आहे, तिथं सोडतो. विश्वनाथ म्हणाला, घरी. रामाजीने त्याच्या गळ्याजवळ बघितलं आणि मान फिरवली.

"हाड वर आलं हाय, काकाजी."

"दिसतंय?"

"तुम्हाले नाही दिसत, हेच बरं हाय."

सायकल रामाजीच्या गोठ्यात राहील असं ठरलं. एक कॅन तिथंच उतरवला, त्या जागी विश्वनाथ बसला. रामाजीने स्वतःचा गमछा काढून त्याच्या उजव्या हाताची झोळी बांधली. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, गाईचा पाय मोडला की अशीच बांधतो, फक्त गाय इतकी गप्प राहत नाही.

घर : सहा.

प्रत्येक गतिरोधकाला करकर. विश्वनाथने डोळे मिटले आणि खोटं जुळवायला घेतलं.

पहिलं : न्हाणीत घसरलो. (चालणार नाही. मुग्धा म्हणेल, न्हाणीत रबरी चटई मीच टाकून गेले होते.)

दुसरं : तुझ्या आईला उचलताना खांदा भरून आला. (हे सगळ्यात सोपं. म्हणूनच घाण.)

तिसरं :

तिसरं सुचेना.

मुग्धा त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात. बरगड्या मोडल्या तेव्हा दहा दिवस येऊन राहिली. आईचं सगळं केलं, बापाचं सगळं केलं, आणि निघायच्या दिवशी रिक्षा खाली उभी असताना चपला घालत म्हणाली, "बाबा, अजून एकदा पडले ना तुम्ही, तर मी आईला घेऊन जाईन. विचारणार नाही." तिच्या घराजवळ एक केंद्र होतं, तिने बघून ठेवलं होतं. चोवीस तास बाया असतात, उचलायला दोघी-दोघी. चांगलंच असेल. खोल्यांच्या खिडक्यांना पडदे होते, तिने फोटो दाखवले. विश्वनाथला जेवणघराच्या फोटोत एका रांगेत लावलेल्या चाकाच्या खुर्च्या दिसल्या. अकरा.

तो म्हणाला, सायकल विकून टाकतो. दोन दिवसांनी म्हणाला, विकली.

सायकल मागच्या गॅलरीत जुन्या चादरीखाली होती. रोज सव्वाआठला मुग्धाचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा तो फोन गॅलरीकडे वळवायचा नाही.

आणि का विकली नाही, तर. पाय धड राहिले तरच नीलाला उचलता येईल, असं तो स्वतःला सांगायचा. तेही खरं होतं. पण त्या उतारावर चाळीस सेकंदं असायची, त्यात पुढच्या सहा फुटांपलीकडे काही नसायचं. दगड, मूळ, वळण. ना डायपर, ना औषधाची वेळ, ना तिच्या पाठीवर जखम होतेय का ही धास्ती. दिवसाच्या चोवीस तासांतून त्याने तेवढीच चाळीस सेकंदं मागितली होती. हे मुग्धाला कसं सांगायचं? सांगितलं असतं तर तिने ऐकलंही असतं कदाचित. त्याने कधी सांगितलं नाही.

घर : साठ पावलं.

कोपऱ्यावरच थांबव, तो म्हणाला. घरापर्यंत नको.

रामाजीने मोटरसायकल बंद केली नाही. "कोणाले भेता तुम्ही?"

विश्वनाथ गमछा सोडवायला लागला. एका हाताने गाठ सुटेना. रामाजीनेच सोडली आणि घडी करून खांद्यावर टाकली. विश्वनाथने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, उजवा हात खिशात कोंबला. थंडी होती. चालून जाईल.

घर : शून्य. दारात कांताबाई.

कांताबाई साडेपाचला यायची, नीलाजवळ बसायची, तिचं तोंड पुसायची, चहा पाजायची. कंबर धरलेली असल्याने उचलणार नाही, हे पहिल्या दिवशीच तिने सांगितलं होतं. आठ वाजून सात मिनिटं झाली होती आणि ती पिशवी घेऊन उभी होती.

"सायकल कुठं हाय?"

पंक्चर झाली, दुकानात ठेवली.

कांताबाईने त्याच्याभोवती एक फेरी मारली. दोन बोटांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली, तेवढ्यानेही तो भिंतीला टेकला.

"पंक्चर चाकाले होते, सायेब. पाठीले नाही होत." मग आवाज खाली आणून, "मी थांबू का? दुसऱ्या कामाच्या घरी फोन करतो, एक दिस उशीर झाला तं काही होत नाही."

थांब म्हणाला असता तर. पण मुग्धाने जाताना कांताबाईचा नंबर घेतला होता. कांताबाई आपणहून काही सांगायची नाही, पण विचारलं की सांगायची. हे तिने कधी लपवलं नव्हतं.

"तू जा," विश्वनाथ म्हणाला. "काही नाही झालं."

"ताईनं इचारलं तं मी खोटं नाही बोलणार. मले लेकरं हायेत," असं म्हणून कांताबाई जिना उतरली. दोन पायऱ्या उतरून थांबली. मग गेली.

सव्वाआठ.

फोन डाव्या हातात, कपाळाजवळ, म्हणजे गळा दिसणार नाही. मुग्धा ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. आई उठली का, काल पोट साफ झालं का, पाठ बघितली का. हो, हो, हो. घरात जॅकेट काहून घातलंय? थंडी आहे इकडे, अकरावर गेलंय. तोंड असं काय दिसून राहिलं? झोप झाली नाही. आईला दाखवा. त्याने फोन नीलाकडे वळवला. नीलाने फोनकडे पाहिलं नाही. ती फोनच्या मागे पाहत होती, त्याच्याकडे.

"आई काय बघतेय?"

"टीव्ही," विश्वनाथ म्हणाला. टीव्ही बंद होता. फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं की आवाज नव्हता हे मुग्धाला ऐकू आलं असेल.

पलंग ते खुर्ची : दीड हात.

साडेआठला नीलाला न्हाणीत न्यावं लागे. आज अंथरूण ओलं झालं होतं, त्यामुळे थांबणंही शक्य नव्हतं. त्याने चाकाची खुर्ची पलंगाला तिरकी लावली, दोन्ही ब्रेक पायाने दाबले. डाव्या हाताने नीलाला कडेला ओढून बसवलं. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. आज किती वेळ लागला ते त्याने मोजलं नाही. मध्ये एकदा तो गादीवर कपाळ टेकून थांबला. हवेच्या गादीचा पंप कानाशी गुरगुरत होता.

तीन वर्षांपूर्वी नीलाची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शाळेत गणित शिकवणारी बाई. शब्द सगळे गेले, आकडे राहिले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. एक ते दहा ती स्पष्ट म्हणायची. म्हणून उचलताना आकडे तिचे असत. तो समोर वाकायचा, तिचा लुळा गुडघा आपल्या गुडघ्यांत धरायचा, ती डावा हात त्याच्या मानेभोवती टाकायची आणि म्हणायची, एक, दोन, तीन. तीनला उठायचं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी हे बसवून दिलं होतं.

विश्वनाथ वाकला. गुडघा धरला. आणि त्या क्षणी त्याला ते दिसलं, जे सहा किलोमीटर डोळे मिटून खोटं जुळवताना दिसलं नव्हतं.

तिचा डावा हात म्हणजे त्याचा उजवा खांदा.

तिचा एकच हात चालत होता, आणि तो टाकायला एकच जागा होती.

"टाक," तो म्हणाला.

तिने हात टाकला. त्याने दात आवळले. जॅकेटच्या आत काहीतरी सरकलं. तिची बोटं मानेमागे गेली नाहीत, ती वाटेतच थांबली, कापडावरून, त्या उंचवट्यावर.

"एक," नीला म्हणाली.

"हं."

"दोन."

तो थांबला. पाय रोवलेले. कपाळावरून घाम नाकावर आला आणि थेंब तिच्या मांडीवर पडला.

"नीला. म्हण."

ती बघत होती. इतक्या जवळून, की तिच्या डोळ्यांत त्याचं हेल्मेट दिसत होतं. ते काढायचं राहून गेलं होतं. म्हणजे मुग्धानेही ते पाहिलं होतं.

"म्हण ना गं. पाया पडतो. ओलं झालंय सगळं, तुला गारठा बसेल."

नीलाने तोंड मिटून घेतलं. विश्वनाथने स्वतःच तीन म्हटलं आणि उठायला गेला. तिने हात काढून मांडीवर ठेवला. हाताशिवाय ती उठू शकत नव्हती, आणि त्याचा एक हात तिला पुरणार नव्हता. तो पुन्हा तीन म्हणाला. आणखी एकदा म्हणाला. चौथ्या वेळी आवाज फुटला नाही, तो खाली फरशीवर बसला, तिच्या पायांपाशी, आणि लहान पोरासारखा रडला, कारण खांदा दुखत होता, फक्त म्हणून.

नीलाचा हात त्याच्या गळ्याशी आला. तिने चेन शोधली आणि हळूहळू खाली ओढली. बघितलं. मग पलंगावर पडलेला फोन ओढून घेतला. मुग्धाने आईसाठी पहिल्याच पानावर स्वतःचा फोटो लावून दिला होता, तळहाताएवढा. नीलाने त्यावर अंगठा ठेवला. पलीकडे बेल वाजायला लागल्यावर तिने फोन त्याच्यासमोर धरला.

तो मान हलवत राहिला. ती धरून राहिली. तिचा हात खाली आला नाही.

"बाबा? मी परत करणारच होते फोन. तुम्ही—"

"मुग्धा, मी पडलो," विश्वनाथ म्हणाला. "सायकलवरून. सायकल विकली नव्हती. आईला उचलता नाही येत आहे मला." त्याने नीलाकडे पाहिलं. "तू ये. घेऊन जा तिला."

मुग्धा ओरडली नाही. आत्ता घरात कोण आहे, तिने विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर म्हणाली की आता उचलायला जाऊ नका, खालच्या सत्यवतीकाकूंना आणि त्यांच्या मुलाला वर पाठवते, संध्याकाळपर्यंत मी पोचते. मग तिचा श्वास ऐकू येत राहिला, आणि फोन बंद झाला.

जिन्यावर अजून कुणाची चाहूल नव्हती.

विश्वनाथने कसंबसं नीलाला आडवं केलं. चादर ओली होतीच; त्याने टॉवेल टाकला, तोही वाकडा. उभं राहणं आता जमत नव्हतं. पलंग साडेतीन फूट रुंद, मधोमध नीला. तिच्या अलीकडे बसायला जागा नव्हती आणि फरशी गार होती. तो पलंगाची कड धरून उभा राहिला.

नीलाने डाव्या हाताने भिंतीकडचा कठडा पकडला. डावं पाऊल गादीत रुतवलं. गादी बुळबुळीत, पाऊल घसरलं. तिने पुन्हा रुतवलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, तोंडातून लाळ आली. तीन वर्षांत तिला कुशीवर वळवायचं तर त्याला दोन उशा आणि दोन्ही हात लागत.

ती भिंतीकडे सरकली. एक वीत.