कुर्सी नव्हे, कुरुशी

मित्रांनो, मी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. माझा जन्म जपानातल्या ओसाका शहरी झाला आणि आयुष्य गेले बीडकडच्या घाटनांदूर गावी. माझ्यामुळे एकदा एका माणसाचा जीव वाचला. ते सांगताना आजही माझी पाने नुसती फडफडतात!

निजामाच्या अमदानीत घाटनांदूरचा रेवणसिद्ध सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, कापड विणायला शिकण्यासाठी ओसाकाला गेला. तिथे त्याने मला विकत घेतले आणि नमस्कार, आभार, भात, चहा असे जपानी शब्द देवनागरीत लिहिले. एके दिवशी त्याच्या पोटात असह्य कळा आल्या. घरमालकीण समोरच बसली होती, पण दुखते आहे हे सांगायला त्याच्याजवळ शब्दच नव्हता. तो कसनुसा हसत राहिला. बरा झाल्यावर त्याने तिच्याचकडून अडचणीचे शब्द शिकून घेतले. 'इताई' म्हणजे दुखते. 'कोमात्ता' म्हणजे पंचाईत झाली. 'मुझुकाशी' म्हणजे अवघड. अशी माझी सहा पाने भरली.

परतल्यावर तो हैदराबादच्या गिरणीत लागला आणि मी घरच्या दुकानात फळीवर पडले. त्याची आई गंगासागर हिंग बांधायला माझी पाने फाडू लागली. नमस्कार गेला, चहाही गेला! मग धाकट्या बहिणीने, महादेवीने, मला आपल्या पेटीत ठेवले. भावाने तिला अक्षरे शिकवली होती. दुपारी गिऱ्हाईक नसले की ती माझ्यातले शब्द पुटपुटत बसे.

"कुणाशी बोलनार हाईस हे?" आई विचारी.

एका हंगामात कापूस खरेदीला मोरिता नावाचे जपानी साहेब गावच्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आले. त्यांचा दुभाषी कामासाठी परळीला गेला होता. तेवढ्यात जिनिंगातली छबुबाई धापा टाकत दुकानात आली.

"पोरी, तुझ्या त्या वहीत बघ जरा, त्यो जपानी साहेब लई कासावीस झालाय. सारखा कुर्सी कुर्सी म्हणायलाय. भगवानराव मुकादमानं तीन कुर्स्या दिल्या, तरी तेच. आता कसूर कसूर म्हणायलाय. तुमचा काय बी कसूर न्हाई, असं मुकादम सांगायलेत, तर त्याच्या डोळ्याला धारा लागल्यात."

महादेवीने मला उघडले. पहिले पान, दुसरे पान... आणि सापडले! 'कुरुशी : जीव गुदमरतो.' त्याच्याच खाली, 'कुसुरी : औषध.'

"आई, त्याला कुर्सी नको हाय. त्याला श्वास घेता येईना."

मला छातीशी धरून ती पळत सुटली. जिनिंगात कापसाची धूळ धुक्यासारखी भरली होती. मधोमध खुर्चीत मोरितासाहेब निळे पडत चालले होते.

"मुकादम, ह्यांना बाहेर घ्या आधी," महादेवी म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" भगवानराव म्हणाले.

साहेबांपुढे वाकून ती हळूच म्हणाली, "कुरुशी?"

साहेबांनी तिचा हात घट्ट धरला. "कुरुशी. कुसुरी... काबान."

काबान! माझ्या पाचव्या पानावर तो शब्द होता. चामडी पिशवी! भगवानरावांनी साहेबांना उचलून बाहेर निंबाखाली नेले, छबुबाईने पिशवी आणली. पिशवीत बाटली सापडली. दोन गोळ्या पोटात गेल्या. छबुबाई पदराने वारा घालत राहिली. मग साहेबांची छाती शांतपणे वरखाली होऊ लागली आणि ओठांवर रंग परतला.

भगवानराव खाली मान घालून म्हणाले, "कसूर आमचाच झाला, बाई."

संध्याकाळी साहेब दुकानात आले. त्यांनी मला मागून घेतले आणि कोरे पान उघडून महादेवीकडे पाहिले. छातीवर हात ठेवून त्यांनी चेहरा वेडावाकडा केला. ती ओळखून हसली आणि सावकाश म्हणाली, "लई तरास होतोय." साहेबांनी ते आपल्या लिपीत उतरवून घेतले. माझ्या अंगावर काटाच आला, मित्रांनो!

तुम्ही परक्या मुलखाची भाषा शिकाल तेव्हा गोड शब्द जरूर शिका. पण तिथला माणूस आपले दुखणे कोणत्या शब्दात सांगतो, ते आधी शिका. आणि ज्या वहीत ते लिहाल, तिला जपा.