साड्यांचा लिलाव किती वाजता?

सुगंधाचं फॉल-बिडिंगचं दुकान मुलुंड पूर्वेला आमच्या कॉलनीत रस्त्यावर होतं, तोवर तिला जाहिरातीची गरज पडली नाही. दुकानाची इमारत पाडायला काढली आणि सुगंधा समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गेली. साडीला फॉल लावायला जिना कोण चढतंय? गाळा ठेवायचा की मशीन घेऊन देवगडला परतायचं, हे तिला शनिवारी गाळ्याचे मालक श्यामकांत यांना सांगायचं होतं.

ती मला म्हणाली, "काकी, तीस वर्सां हयच गेली. आता थंय जावन कोणाच्या साडयेक फॉल लावू?"

माझी नात गंधाली अंधेरीला ऑनलाइन जाहिरातींच्या ऑफिसात आहे. ती म्हणाली, "सुगंधामावशी, मी जाहिरात टाकते. सर्च केलं की तुमचं नाव सगळ्यात वर. झकास!"

"वर कसं आणतात गं?" मी विचारलं.

"बिडिंग करून, आजी. कोणी शब्द टाइप केला की पापणी लवायच्या आत बोली लागते."

सुगंधा खूश. "म्हणजे तुझ्या हापिसात पण बिडिंग करतत?"

"दिवसभर!"

दोघींनाही वाटलं, आपल्याला समजलं.

बुधवारी जाहिरात सुरू झाली. मी सकाळीच सुगंधाकडे ठाण मांडून बसले. फोर्टात एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर मी एकतीस वर्षं काढली आहेत. जाहिरात छापली की पहिला फोन कधी येतो, याची धडधड अजून जात नाही. दहा वाजता फोन वाजला आणि मी झडपच घातली.

"साड्यांचा लिलाव किती वाजता?"

राँग नंबर म्हटलं. दुसऱ्या फोनवर बाई विचारत होती, पैठण्यांची बोली कितीपासून सुरू? तिसरा गृहस्थ आईच्या जुन्या साड्या लिलावात ठेवायला टेम्पो घेऊन निघाला होता!

सुगंधा रडकुंडीला आली. "काकी, ह्यो लिलाव कसलो? माका काय समजाक नाय."

मी गंधालीला फोन लावला. "तू लिहिलंस तरी काय?"

"तुम्हीच सांगितलं ना, साडी बिडिंग? तेच टाकलं, इंग्रजीत."

"आणि इंग्रजीत बिडिंग म्हणजे?"

"लिलावात बोली लावणं... थांब. मग तुमचं कुठलं?"

"अगं, साडीच्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मशीन मारतात, ते!"

"आजी, मी वर्षातून एकदा साडी नेसते, तीही तुझी. वाट लागली!"

मला हसू आवरेना. चौऱ्याहत्तर साली एका मास्तरांनी जाहिरातीत 'द्विचक्री वाहन विकणे आहे' असं लिहून आणलं होतं. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मी तिथे 'सायकल' केलं, तर दुसऱ्या दिवशी मास्तर पेढे घेऊन हजर!

"गंधाली, गिऱ्हाईक ज्या शब्दाने विचारतं तो लिही. गुजराती बायका बिडिंगला पिको म्हणतात."

"पिको. टाकलं. अजून?"

"फॉल लावून मिळेल!" सुगंधा मागून ओरडली. "मॅचिंग फॉल! अर्जंट!"

"आणि लिलाव शोधणाऱ्यांना ही जाहिरात दिसूच नये, असं करता येतं?" मी विचारलं.

"येतं की!"

काय सोय! आमच्या खिडकीवर ही असती तर!

गुरुवारी साडेदहाला फोन आला. "फॉल-पिको करो छो?"

"करती है ना! पहिला माला!" सुगंधाने इतक्या जोरात सांगितलं की रस्त्यावर ऐकू गेलं असेल. दुपारी आणखी चार जणी आल्या. शुक्रवारी एका लग्नघरची बॅग आली, मानपानाच्या साड्यांनी फुगलेली. मी चिठ्ठ्यांवर नावं लिहून साड्यांना टाचत होते.

शनिवारी श्यामकांत जिना चढून आले तर दारात साड्या घेऊन दोघी गिऱ्हाइकं उभी.

"रांगेत रवा," मान वर न करता सुगंधा म्हणाली.

"अहो, मी गाळ्याचं विचारायला आलोय. काय ठरलं?"

तिचं मशीन थांबलं नाही. "जाग्याचा काय विचारतास? सोमवारपर्यंत बावीस साड्यो देवच्यो आसत माका!"