शेवटच्या पट्टीवरच्या गाठी

मी एक जुनी बसकरपट्टी आहे, मित्रांनो. शाळेत मुलं जमिनीवर ओळीनं बसत, तेव्हा त्यांच्या खाली मी असे. तुम्ही बाकावर बसत असाल, तर मला पाहिलंही नसेल. त्याचा राग नाही. आपल्या खाली काय आहे, ते सहसा कुणी बघत नाही.

तुरुंगातल्या मागावर मी विणली गेले. विणणारे वाकडं वागल्यापायी तिथे बसवलेले होते, पण वीण सरळ घालत. तिथून एसटीच्या टपावर बसून आम्ही सहा जणी आटपाडीच्या पुढच्या माळावर एका शाळेत आलो. पहिल्या पट्टीवर हुशार मुलं, मग जरा कमी, असं करत मी दाराजवळची शेवटची. माझ्यावर बसायचं म्हणजे काय, ते पोरांना न सांगता कळे.

बहात्तरचा दुष्काळ पडला. आईबाप खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जात आणि पोरं शाळेत येत, कारण दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी गोड खाऊ, मिळे. त्यातच दुसरे मास्तर बदलून गेले. उरले जोतीराम गुरुजी आणि चार इयत्तांची नव्वदभर मुलं. गुरुजी वाईट नव्हते. पहिलीला गिरवायला देऊन चौथीला भागाकार सांगावा, तोवर तिसरीत मारामारी जुंपलेली असे. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत यायचा, ते यायचे नाहीत.

माझ्या टोकाला हरणा बसायची. तिचा बाप बिराप्पा मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप कृष्णाकाठी चरायला उतरे. त्या वर्षी जायच्या आधी तो दारात येऊन उभा राहिला.

"आवं गुरुजी, पोरगी शिकंल का? शिकत आसंल तर आत्याकडं ठिवतो. न्हाईतर मेंढरांमागं कामाला यील."

"शनिवारी विचारून बघतो. सोमवारी ये," गुरुजी म्हणाले. खरं तर त्यांना तिचा चेहरा पटकन आठवला नव्हता.

शनिवारी त्यांनी पुढूनच हाक मारली, "हरणा, चाळीस आणि सत्तावीस किती?"

हरणा उभी राहिली. "तीन विसा न् सात."

मुलं खो खो हसली. तिच्या घरी सगळं वीस-वीसच्या गटांनी मोजत. उत्तर बरोबर होतं, पण त्या हसण्यात ते गुरुजींना ऐकूच गेलं नाही. "नीट सांग," ते म्हणाले. ती खाली बसली. गुरुजींनी मान हलवली. तेवढ्यात पहिलीतलं एक पोर रडायला लागलं, आणि हरणाचा निकाल तिथंच लागला.

शाळा सुटताना पट्ट्या झटकून गुंडाळायची पद्धत होती. मला गुंडाळताना गुरुजींना माझ्या काठाच्या सुट्या दोऱ्यांना मारलेल्या गाठी दिसल्या. चार मोठ्या, सात बारक्या.

"सरकारी वस्तू आहे ही! कुणी केलं?"

"मी," हरणा म्हणाली.

"कशाला?"

"पोरं मोजली. येक मोठी गाठ म्हंजी येक वीस."

गुरुजींनी मनात हिशेब केला. सत्त्याऐंशी. हजेरीत मात्र अठ्ठ्याऐंशी हजर लागलेले. "चुकलीस. एक कमी आहे."

"गुंडा आलाच न्हाई. त्याच्या वाटची सुकडी दादासोला मिळावी म्हणून दादासोच दोनदा हजर म्हणला. येकदा आपल्या आवाजात, येकदा बारीक आवाजात."

दादासो दाराआडून म्हणाला, "बघून घीन, मेंढके!" आणि पळाला.

गुरुजी खाली टेकले, थेट माझ्यावर. "एवढ्या गर्दीत तुला कसं कळलं गं?"

"मेंढरं नुसती मोजत न्हाईत, गुरुजी. तोंडं वळखायची. मग कोण न्हाई ते आपसूक कळतं."

 गुरुजींनी हजेरीबुक उघडलं आणि गुंडापुढचं हजर खोडलं.

सोमवारी बिराप्पा आला. गुरुजी म्हणाले, "हिला ठेव. हिला येतं. मलाच विचारता आलं नाही."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि पोरीकडे न बघता निघाला. फाटकापाशी मात्र एकदा वळून बघितलं.

त्या दिवसापासून गुरुजी रोज शेवटची अर्धी घटका एका मुलाशेजारी बसू लागले. सुरुवात माझ्यापासून. मोठा चमत्कार झाला असं सांगणार नाही. एकाची पाळी परत यायला साडेतीन महिने लागत. तरी पोरं ती पाळी बोटांवर मोजून ठेवत.

हरणा चौथी पास झाली. पुढं बाक आले आणि मी दारात पाय पुसायला पडले. वीण बरीच विरली आहे.

मित्रांनो, मला झटका, धुवा, उन्हात घाला, जमलं तर दोन टाके घाला. पण काठाच्या त्या अकरा गाठी सोडवू नका. आणि उद्या वर्गात जाल, तेव्हा दाराजवळ कोण बसतं त्याचं तोंड नीट ओळखून ठेवा. एखाद्या दिवशी ते दिसलं नाही, तर तुम्हाला कळायला हवं.