कायेम्बाने जोडलेला शेवट

त्या दिवसांत लुबुम्बात कुणालाही विचारावं, पोस्टमनला कुणी मारलं, की तो हातातलं काम टाकून बोलायला लागायचा. खाटीक किवानुका म्हणायचा, बेकरीवालीनंच, पीठ तिचं आणि पिंपही तिचं. मोटरसायकलवर भाडी मारणारी पोरं म्हणायची, छे, फौजदारानं मारलं. जो माणूस बदकं पाळतो आणि तपासात त्यांचा सल्ला घेतो, त्याचा काय भरवसा? चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या बाई नाबुकेन्या, ज्या मालिका वगैरे बघत नाही म्हणायच्या, त्यांनाही सगळ्यांची नावं पाठ होती.

नावं म्हणजे कायेम्बानं ठेवलेली. मालिका कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातली. गाव लुबुम्बाहून लहान, माणसं सगळी अर्धवट डोक्याची, आणि पहिल्याच भागात पोस्टमन पिठाच्या पिंपात मेलेला. भाषा कुणाला कळत नव्हती. कायेम्बालाही कळत नव्हती, हे गावाला माहीत होतं आणि गावाची त्याला हरकत नव्हती. दर रविवारी चर्च सुटलं की पत्र्याच्या हॉलमध्ये तो पडद्याशेजारी माईक धरून बसायचा, त्या लोकांचा आवाज बारीक करायचा आणि आपल्या लुगांडा भाषेत सगळं सांगत सुटायचा. त्याचा फौजदार मुकासा आपल्यासारखंच उकडलेल्या केळ्यांचं मटोके खायचा, बेकरीवाली मामा केकी सवतीला शिव्या घालायची. बर्फात केळी कुठून आली, असं एकदाही कुणी विचारलं नाही. माईकवरचा सांगणारा, म्हणजे व्हीजे, म्हणेल तेच खरं, अशीच रीत होती.

हॉलच्या दाराशी नाकिमेराची चपात्यांची शेगडी. कायेम्बा कंपालाहून एक माईक आणि एक फाटकी पिशवी घेऊन आला, तेव्हा त्याच्या पोटात पहिला घास पडला तो तिच्या हातचा. तेव्हापासून ती त्याची ताई. तो गावभर टवाळी करत हिंडायचा, पण ताईसमोर चप्पल काढून बसायचा. म्हणूनच तर तिनं त्याला सांगितलं. अख्ख्या जगात त्या एका माणसाला.

गोष्ट तिच्या घरातली होती. प्रॉसी, तिच्या मेलेल्या भावाची मुलगी म्हणून गाव जिला ओळखत होतं, ती भावाची नव्हतीच. ती नाकिमेराच्या पोटची. सतराव्या वर्षी, सरोवराकाठच्या गावात, एका लग्न झालेल्या मास्तरपासून झालेली, तीही जुळी. आमच्याकडे जुळ्यांची आई म्हणजे नालोंगो, मोठा मान. ढोल वाजतात, दोन्हीकडची माणसं नाचतात, पोरांची नाळ जपून ठेवतात आणि विधी झाल्यावरच आईबाप मोकळे होतात. पण मास्तरानं हात वर केले. बापाकडचं कुणी नाही तर कसला विधी आणि कसले ढोल? मुलगा आठवड्यातच उडून गेला. जुळं मेलं असं आम्ही म्हणत नाही, उडालं म्हणतो. उरलेल्या मुलीला भावानं आपलं नाव दिलं आणि नाकिमेरा आत्या झाली.

आणि आता प्रॉसीचं ठरलं होतं. सौर दिवे बसवणारा लुबेगा, साधा मुलगा. पुढच्या महिन्यात मुलाकडचे ओळखीला, म्हणजे रीतसर मुलगी मागायला, येणार. त्या दिवशी मुलीला चारचौघांत घेऊन येते ती आत्या. सगळ्यांसमोर मान वर करून सांगते, ही माझ्या भावाची लेक. हे नाकिमेराच्या तोंडून निघणार नव्हतं. एवढी वर्षं गप्प राहणं वेगळं आणि मुलीचा हात धरून तिच्याच लग्नात खोटं बोलणं वेगळं. त्याआधी पोरीला सांगायचं, स्वतःच्या तोंडानं. पण शब्द कुठून आणायचे?

कायेम्बाकडून. शब्दांचाच तर धंदा त्याचा. एका दुपारी हॉल बंद असताना, ती कणीक मळत होती आणि तो समोर बसून ऐकत होता. तिनं सगळं सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग दोघांनी मिळून बोलणं जुळवलं. ती फार लांबण लावायची, तो छाटायचा.

"रडायचं नाही, ताई. माफी शेवटी. आधी सरळ सांगून टाकायचं."

"आणि ती उठून गेली तर?"

"एवढं ऐकून कोण उठून जाईल? पुन्हा म्हण बघू."

तिनं पुन्हा म्हटलं. कणीक मळताना म्हटलं, नळावर म्हटलं, चर्चमध्ये गाण्याच्या आडून म्हटलं. रविवार उलटला की सांगते, असं तिनं ठरवलं, कारण रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता आणि प्रॉसीला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतसुद्धा माणसं. नाकिमेरानं शेगडी विझवली आणि प्रॉसीला चिकटून बाकावर बसली. पडद्यावर बदकं गोठलेल्या तळ्यावरून एका रांगेत निघाली. फौजदार त्यांच्याकडे बघत राहिला. बेकरीवालीनं दुकानाचं दार लावलं आणि हॉटेलातल्या पोरीबरोबर, जिला कायेम्बानं तिची भाची करून टाकलं होतं, खिडकीत उभी राहिली. दोघी काहीतरी पुटपुटल्या. बस्स. खुनी कोण, ते त्या बर्फातल्या शहाण्यांनी सांगितलंच नाही! कायेम्बानं हे आधीच बघून ठेवलं होतं. इतके महिने लोकांनी वाद घातले, पैजा लावल्या, आणि शेवटी बदकं? लोकांनी बाकं मोडली असती आणि बाकांनंतर कायेम्बाला.

म्हणून त्यानं माईक तोंडाजवळ नेला.

"मामा केकी म्हणाली," तो हळू आवाजात बोलला आणि हॉल गप्प झाला, "पोरी, मी तुझी आत्या नाही. मी तुला जन्म दिलाय."

नाकिमेरानं पडद्यावरची नजर काढून माईककडे बघितलं.

"तू एकटी नव्हतीस. तुझ्याबरोबरचा उडून गेला. तुमच्यासाठी ढोल वाजवायला माझ्याकडे कुणी उरलं नाही. आई म्हणवून घ्यायला मी भ्याले, म्हणून आत्या झाले."

"अगं बाई!" नाबुकेन्याबाई पुढच्या बाकावरून ओरडल्या. "ही नालोंगो!"

"बघ आत्या, तरी मी म्हणत होते," प्रॉसीनं हसून नाकिमेराच्या मांडीवर चापट मारली. "मला पहिल्यापासून ही बाई आवडत नव्हती. स्वतःच्या पोरीला फसवते म्हणजे काय!"

कायेम्बाला आता चेव चढला होता. हॉल श्वास रोखून ऐकतोय म्हटल्यावर त्याच्या जिभेला हाड राहत नसे. पोस्टमनला हे कळलं होतं, म्हणून मामा केकीनं त्याला पिठात बुडवला, असं त्यानं सांगून टाकलं. वर पुरावाही दिला. "दोन्ही नाळी तिनं झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून चहाच्या निळ्या डब्यात ठेवल्या. डबा कपाटावर. एवढ्या वर्षांत कुणी हात लावला नाही."

हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या, बाकांवर थापा. किवानुका उभा राहून नाचायला लागला, "मी म्हटलं नव्हतं? पीठ तिचं, पिंप तिचं!" कुणी म्हणालं, अशा बाईला गावात ठेवू नये. कुणी म्हणालं, बिचारी. "कसली बिचारी!" नाबुकेन्याबाई कडाडल्या. "एक लेकरू गेलं, ते लपवलं. दुसरं जगलं, तेही लपवलं!"

नाकिमेरानं शेजारी हात टाकला. बाक रिकामा होता.

लोक बाहेर पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर? सगळे तिच्याच जिण्यावर खूश होऊन घरी चालले होते. कायेम्बा वायरी गुंडाळत होता. चेहरा नुसता फुललेला.

"ताई! कसं झालं? पोरं मला खांद्यावर घेणार होती!"

"केसानं गळा कापलास रे माझा."

"काय झालं? नाव घेतलं का मी तुझं? बर्फातली बाई ती, गोरी. कोण ओळखणार?"

"माझे शब्द होते ते. माझ्या पोरीसाठी ठेवलेले."

"आपण दोघांनी जुळवलेले," तो म्हणाला आणि लगेच त्याची नजर खाली गेली. "ताई, शेवटच नव्हता त्याला. मी काय करणार होतो?"

"आणि वर मला खुनी केलंस!"

"पोस्टमनला कुणीतरी मारायला हवं होतं ना."

"आणि डबा? डबा कशाला सांगितलास?"

"कुठला डबा?" त्याला खरंच कळलं नाही. "तो तर मी रचला. नाही का?"

 नाकिमेराच्या आयुष्यातलं तिचं कुठलं आणि त्यानं रचलेलं कुठलं, हेही त्याला आता सांगता येत नव्हतं.

"माझ्या कपाटावर आहे तो, मेल्या. मीच सांगितला होता तुला," ती म्हणाली. "आणि प्रॉसी अर्ध्यातून उठून गेलीय."

कायेम्बानं वायरी तिथंच टाकल्या. ताई, ताई, करत तो मागे आला, पण तिनं त्याला हॉलच्या उंबऱ्यापाशीच थांबवलं. "माझ्या दारात यायचं नाही. जेवायलासुद्धा नाही."

घराचं दार उघडं होतं. प्रॉसी चटईवर बसली होती. निळा डबा समोर, झाकण बाजूला, सालीचं कापड उलगडलेलं. ती रडत नव्हती. रडली असती तर नाकिमेराला जवळ तरी जाता आलं असतं.

"मी हॉलमध्ये हसले," प्रॉसी म्हणाली. "तुझ्या मांडीवर चापट मारून हसले. आणि तू बसून राहिलीस."

"पोरी, मी उद्याच सांगणार होते. शपथ घेऊन सांगते."

"त्याला आधी सांगितलंस."

"कसं सांगायचं ते विचारायला. तुला नीट सांगावं म्हणून."

"मग सांग ना." प्रॉसीनं मान वर केली. "आता सांग. मी बसलेय."

नाकिमेरा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. आईनं लेकीसमोर गुडघे टेकायची रीत नाही, तरी टेकले. इतके दिवस घोकलेलं तोंडावर आलं.

"पोरी, मी तुझी आत्या नाही. मी तुला..."

"जन्म दिलाय," प्रॉसी म्हणाली. "मी एकटी नव्हते. माझ्याबरोबरचा उडून गेला. ढोल वाजवायला कुणी उरलं नाही. आई म्हणवून घ्यायला तू भ्यालीस." ती ते कायेम्बाच्याच लयीत म्हणत होती, तो थांबला होता तिथंच थांबत. "हे अख्ख्या लुबुम्बानं ऐकलं. हे माझं नाही. माझं काय आहे, ते सांग."

नाकिमेरानं तोंड उघडलं. तिला वेगळं काहीतरी म्हणायचं होतं, कुठलंही, एखादा तरी शब्द जो त्या माईकवरून गेला नव्हता. पण जे होतं ते सगळं तिनं कणीक मळता मळता त्याच्या ओंजळीत ओतलं होतं, आणि त्यापुढचं तिनं कधी ठरवलंच नव्हतं.

 प्रॉसीनं कापड होतं तसं गुंडाळलं, डबा पोटाशी धरला आणि बाहेर निघून गेली.